आयटीआयमध्ये नवी उतरंड नको!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सादर केले. नोकऱ्यांतील वाटा आणि उच्च शिक्षणासाठी मदत या मागण्यांच्या बरोबरीने त्यात तांत्रिक प्रशिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आमच्या मुलांना उमेदवारी द्या, असे बाबासाहेबांचे म्हणणे होते. जातीने लादलेल्या कामातून सुटायचे तर हाती दुसरे कसब हवे, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५० साली केंद्र सरकारने शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तेव्हा मजूरमंत्री बाबू जगजीवनराम होते. आजच्या आयटीआय याच योजनेतून उभ्या राहिल्या.

महाराष्ट्रात आज चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत. तेथे कोण शिकते? शेतमजुराचा मुलगा, सफाई कामगाराची मुलगी, पाड्यावरचा आदिवासी तरुण. खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयाची फी ज्याच्या बापाला परवडत नाही, त्याच्यासाठी हाच दरवाजा आहे. म्हणूनच या संस्थांत कसे शिकवले जाते, हा आपल्या समाजाच्या भाकरीचा प्रश्न आहे.

या संस्थांचे मोठे दुखणे म्हणजे त्यांचे एकटेपण. अभ्यासक्रम एक, परीक्षा एक, प्रमाणपत्र एक. पण तालुक्याच्या आयटीआयमधला जोडारीचा शिल्पनिदेशक शेजारच्या तालुक्यातल्या निदेशकाला वर्षातून किती वेळा भेटतो? व्हर्नियरचे लघुतम माप पोरांच्या गळी कसे उतरवायचे, याची सोपी युक्ती एकाला सापडलेली असते. दुसरा तेच फळ्यावर लिहून देतो आणि पोरे पाठ करतात. संधात्याच्या व्यवसायात पत्रा आणि इलेक्ट्रोड महाग, म्हणून सराव कमी. तोच माल थोडक्यात कसा पुरवायचा, हे दहा निदेशक एकत्र बसले तर ठरू शकते. त्यातच अनेक पदे रिकामी आणि बरेच निदेशक तासिका तत्त्वावर राबणारे. त्यांना सहकाऱ्याचा आधार सर्वांत जास्त हवा, आणि मिळतो सर्वांत कमी.

सरकारने पैसा दिलाच नाही, असे म्हणता येणार नाही. २००७-०८ पासून देशातील १,२२७ शासकीय आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी रुपयांचे बिनव्याजी कर्ज देण्यात आले. पण प्रत्येक संस्थेची व्यवस्थापन समिती वेगळी, आराखडा वेगळा, खरेदी वेगळी. संस्थांनी एकमेकींना काही शिकवावे, हा विचार त्या योजनेच्या मुळाशी नव्हता.

आता ४ ऑक्टोबर २०२५ रोजी पीएम-सेतू ही योजना सुरू झाली आहे. पाच वर्षे, ६० हजार कोटी रुपये आणि एक हजार शासकीय आयटीआय. त्यातील २०० संस्था केंद्रस्थानी असतील आणि ८०० त्यांना जोडलेल्या असतील. संस्थांनी हातात हात घालून काम करावे, ही कल्पना चांगलीच आहे. तिचे स्वागत केले पाहिजे. पण कागद नीट वाचला पाहिजे! आधुनिक यंत्रे, उत्पादन केंद्र, निदेशकांचे प्रशिक्षण, नोकरी मिळवून देण्याची सोय, हे सारे केंद्रसंस्थेकडे. जोडलेल्या संस्थांचे काम मुख्यतः प्रशिक्षण अधिक लोकांपर्यंत पोहोचवण्याचे. म्हणजे शहरातली मुले नव्या यंत्रावर आणि तालुक्यातली मुले जुन्याच लेथवर, असे झाले तर? एकावर एक मडकी रचलेली उतरंड या देशाने हजारो वर्षे पाहिली आहे. ती कारखान्याच्या शेडमध्ये पुन्हा रचली जाऊ नये.

ती टाळायची तर काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. जोडलेल्या संस्थेतील प्रशिक्षणार्थींच्या पाळ्या केंद्रसंस्थेच्या यंत्रांवर वेळापत्रकात नोंदलेल्या हव्यात. प्राचार्यांच्या मेहेरबानीवर नकोत. येण्याजाण्याचा खर्च आणि वसतिगृहात मुक्कामाची सोय हवी, विशेषतः मुलींसाठी. नाहीतर पाळी कागदावरच राहील. प्रत्येक व्यवसायाच्या निदेशकांची महिन्यातून एक दिवस बैठक व्हावी, आळीपाळीने प्रत्येक संस्थेत, आणि तो दिवस कामाचा धरला जावा. तासिका तत्त्वावरील निदेशकालाही त्या दिवसाचे मानधन मिळावे. केंद्रसंस्थेने छोट्या संस्थेतला चांगला निदेशक ओढून नेऊ नये. उलट आपला निदेशक काही दिवस तिकडे पाठवावा. शिकणे दोन्ही बाजूंनी झाले तरच त्याला सहकार्य म्हणायचे, नाहीतर ती हुकूमत होते.

आणखी एक सावधगिरी. या संस्थांची मालकी सरकारची आणि व्यवस्थापन उद्योगांच्या पुढाकाराने, अशी या योजनेची मांडणी आहे. उद्योगपती यंत्र देतील, तंत्र देतील. त्याला आपला विरोध नाही. पण प्रवेशातील आरक्षण आणि फी यांना कुणी हात लावता कामा नये. शिवाय देशात खासगी धरून साडेचौदा हजारांवर आयटीआय आहेत. या हजाराच्या यादीत ज्या शासकीय संस्था नाहीत, त्यांच्यातील मुलांचे काय? निदेशकांच्या बैठकीत त्यांना बसवायला ६० हजार कोटी लागत नाहीत, एक शासकीय परिपत्रक पुरते.

आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये एकदा जाऊन या. आपली संस्था कुणाशी जोडली आहे, आपल्या पोरांची यंत्रावरची पाळी कोणत्या दिवशी आहे, हे प्राचार्यांना विचारा. हा प्रश्न पालकांनी विचारला नाही, तर तो दुसरे कुणीही विचारणार नाही!