अमर्याद, पण ३,३०० जीबीपर्यंत

जालना एमआयडीसीत लोखंडी सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. पाळी संपवून खोलीवर आलेल्या कामगाराचा मोबाइलचा दीड-दोन जीबी डेटा एका सिनेमात उडतो. एका खोलीत चौघे राहत असतील तर रिचार्जही चार. मग घरगुती ‘अनलिमिटेड’ इंटरनेट परवडेल का?

जिओने सप्टेंबर २०२० मध्ये ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन आणला. १८ टक्के जीएसटी धरला की बिल होतं ४७१ रुपये. शिवाय बारीक अक्षरांत एक अट: महिन्याला ३,३०० जीबी वापरून झाले की वेग घसरणार.

ही फसवणूक म्हणायची का? एचडी सिनेमा तासाला साधारण ३ जीबी खातो. महिन्याचे ३,३०० म्हणजे रोजचे ११० जीबी, म्हणजेच छत्तीस तासांहून अधिक सिनेमे, आणि दिवस तर चोवीसच तासांचा! एका टीव्हीला ही मर्यादा गाठणं अशक्यच.

खरी अडचण विजेची. लाइट गेली की राउटर बंद; त्यासाठी छोटा यूपीएस घ्यावा लागतो.

चौघांत माणशी ११८ रुपये पडतात, तेव्हा सौदा चांगलाच. एकट्या माणसाने मात्र मोबाइलवरच भागवावं. आणि वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी महिनाभर वापरून पाहा.