पंचाविना खेळ

गौलीगुड्यातील आम्हां मंडळींना खेळ म्हटला की पंचाची शिट्टी आठवते. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातील गोल्फच्या मैदानावर ती नाही. अठरा होलची फेरी चार तास चालते, प्रत्यक्ष फटक्यांचा वेळ मात्र मिनिटांत मोजावा. म्हणून होतकरू मुलाला फटक्यापूर्वीचा ठरावीक क्रम आणि चुकलेला फटका विसरून पुढे चालणे, दोन्ही घोटावे लागते. त्याहून अवघड स्वतःस दंड लावणे! १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत चेंडू किंचित हलला. सोबतच्या खेळाडूनेही तो पाहिला नाही. बॉबी जोन्सने आपण होऊन एक फटका वाढवून घेतला आणि अजिंक्यपद गमावले. मुलास महागड्या काठ्या घेऊन देणाऱ्या पालकांनी ही तालीमही मागावी, असे आम्हांस वाटते.