मोडक्या अर्जालाही उत्तर हवे

बारावीचे निकाल लागले, पदवीच्या परीक्षा आटोपल्या की आपल्या जिल्ह्यात नोकरीच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. पूर्वी अर्ज हाताने लिहिलेले असत. ते टपालाने येत, नाहीतर कुणा ओळखीच्या माणसाच्या हाती येत. आता ते ई-मेलने येतात. यवतमाळ, पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड, वणी या गावांतली आपली माणसे आज फक्त नोकरी मागणारी राहिलेली नाहीत. कुणाची शाळा आहे, कुणाचा दवाखाना, कुणाचे मेडिकल, कुणाचे कृषी केंद्र, तर कुणाची ट्रॅव्हल्स. बिलिंगला मुलगा हवा किंवा रिसेप्शनला मुलगी हवी, अशी जाहिरात ग्रुपवर पडली की दोन दिवसांत मेलबॉक्स भरतो. त्यातले बरेच अर्ज वाचून आपण वैतागतो आणि उत्तर न देता पुढे जातो.

अर्ज कसा लिहावा, यावर मुलांना उपदेश करणारे पुष्कळ आहेत. आज आम्हाला बोलायचे आहे ते अर्ज वाचणाऱ्यांशी.

अर्ज असे का येतात?

हे अर्ज आपल्या ओळखीचे आहेत. एकात विषयाची जागा कोरी असते, खाली एक अक्षर नसते, नुसती फाइल जोडलेली असते. ती उघडावी तर आत बारावीची आडवी मार्कशीट. दुसऱ्यात मराठीच, पण इंग्रजी लिपीत, आणि पहिलाच प्रश्न पगार किती. तिसऱ्यात इंग्रजी अगदी झोकदार, पण अर्ज भलत्याच कंपनीच्या नावाने. चौथ्यात उंची, रंग, वडिलांचा व्यवसाय, बहीण-भाऊ किती, हे सगळे आहे. काम काय येते तेवढे नाही.

हा चौथा अर्ज पाहून हसू येते, पण त्यात त्या मुलाचा फारसा दोष नाही. आपल्या घरांत ‘बायोडाटा’ हा शब्द आधी लग्नाच्या निमित्ताने येतो. नोकरीचा बायोडाटा वेगळा असतो, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. झेरॉक्सच्या दुकानात तयार नमुना असतो, त्यात नाव बदलून मिळते. आधीच्या गिऱ्हाइकाची एखादी ओळ तशीच राहून जाते. ई-मेलचा पत्ताही बहुधा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना सेवा केंद्रातल्या भावाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत असतो.

भाषेचेही तसेच. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकलेले मूल उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिते, मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. तीन भाषा आणि तीन लिप्या ते सांभाळते. मग आपण त्याच्याकडून चौथीच भाषा मागतो, ती म्हणजे कार्यालयातली इंग्रजी. ती घरात कुणी बोलत नाही आणि शाळेत रजेच्या अर्जापलीकडे ती शिकवली जात नाही.

आपल्या गप्प बसण्याची किंमत

उत्तर न देणे ही साधी गोष्ट वाटते. ज्याला उत्तर मिळत नाही त्याला ती साधी नसते.

डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. ऑक्टोबर 2005 पासून 66 आठवडे त्यांनी खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण आणि पात्रता सारखी ठेवली, नावे मात्र वेगवेगळी: काही सवर्ण हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. पदवीधरांच्या जागांसाठी, पात्रता तीच असूनही, मुस्लिम नावाच्या अर्जदाराला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांश निघाली.

म्हणजे आपल्या मुलांना येणारे मौन कधी नावामुळे असते, कधी चुकीच्या फाइलमुळे, तर कधी फक्त कुणाच्या आळसामुळे. मौनातून कारण कळत नाही. दहा ठिकाणी अर्ज करून एकाचेही उत्तर नाही आले, तर मूल एकच निष्कर्ष काढते: आपल्याला कुणी घेणारच नाही. जिथे दोष फाइलचा होता तिथे दोन ओळींच्या उत्तराने तो दुरुस्त झाला असता.

आणि एक जण नेहमी लगेच उत्तर देतो: फसवणारा. त्याचे उत्तर तासाभरात येते, शुद्ध भाषेत येते, अर्जातली एकही चूक काढत नाही. ‘अभिनंदन, तुमची निवड झाली आहे.’ मग नोंदणी फी, मग ट्रेनिंगचे डिपॉझिट, मग युनिफॉर्मचे पैसे. दहा भल्या माणसांनी गप्प बसून ज्या मुलाची आशा संपवली, तो या अकराव्यावर विश्वास ठेवतो. अब्बूंनी सोयाबीन विकून ठेवलेले पैसे जातात. नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागणारा फसवणारा असतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

भाषा पाहायची की काम?

अर्ज हाती आला की आधी स्वतःला विचारावे: या कामात लिहावे लागते का? पालकांना पत्रे लिहिणाऱ्या क्लार्कची भाषा पाहायलाच हवी. पण एक्स-रे काढणारा, औषधे लावणारा, वायरिंग करणारा किंवा गाडी चालवणारा माणूस आपण इंग्रजीच्या स्पेलिंगवर नाकारत असू, तर नुकसान त्याचे आहे तसे आपलेही आहे. मोबाइलवर आता अर्ज लिहून देणारी साधने आली आहेत. त्यामुळे सुबक अर्जावरूनही माणसाची खात्री देता येत नाही. टॅली येते म्हणणाऱ्याला अर्धा तास टॅलीवर बसवावे. जे अर्जात दिसत नाही ते तिथे दिसते.

चांगला अर्ज म्हणजे अवघड भाषा नव्हे. लिओनार्दो द विंची या चित्रकाराने 1482 च्या सुमारास मिलानच्या राज्यकर्त्यासाठी तयार केलेले नोकरीचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात त्याने आपल्याला काय येते ते मुद्दे पाडून सांगितले: पूल, तोफा, वेढ्याच्या लढाईची यंत्रे. चित्रकला सगळ्यात शेवटी. समोरच्याला तेव्हा गरज युद्धाच्या कामाची होती, आणि हे त्याला ठाऊक होते. कोणते काम येते आणि ते समोरच्याच्या काय उपयोगाचे, एवढेच अर्जात हवे. अर्जदाराने ते लिहिले नसेल तर आपण विचारून घ्यावे.

उत्तर कसे द्यावे?

उत्तर लांब नको. अर्ज अपुरा असेल तर एवढे पुरे:

‘अस्सलामु अलैकुम. तुमचा अर्ज मिळाला. फाइलमध्ये फक्त बारावीची मार्कशीट आहे. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र आणि तुमचा मोबाइल नंबर शनिवारपर्यंत पाठवा. कोणत्या कामासाठी अर्ज आहे ते एका ओळीत लिहा. मराठीत किंवा उर्दूत लिहिले तरी चालेल.’

जागा द्यायची नसेल तर स्पष्ट सांगावे:

‘नमस्कार. तुमचा अर्ज वाचला. या जागेवर आम्ही दुसऱ्या व्यक्तीला घेतले आहे. एक सूचना: तुमच्या बायोडाटावर दुसऱ्याच दुकानाचे नाव राहिले आहे, ते पुढच्या वेळी बदलून घ्या. शुभेच्छा.’

‘नंतर कळवू’ असे लिहिले तर खरेच कळवावे, नाहीतर लिहू नये. बिचारा महिनाभर फोनकडे बघत बसतो. चुका सगळ्या दाखवू नयेत. ज्या चुकीने काम अडले ती एक, फार तर दोन. मुलाखतीला बोलावण्याआधी फोनवर बोलून घ्यावे. उमरखेडहून यवतमाळला येणे म्हणजे एसटीने शंभर किलोमीटरच्या आसपास प्रवास आणि घरच्या कुणाची तरी एक दिवसाची मजुरी. आणि अर्जदार गणेश असो की इम्रान, उत्तर सारखेच द्यावे. नावावरून जे आपल्या मुलांच्या वाट्याला येते ते आपण दुसऱ्याच्या मुलांना देऊ नये.

मुलींच्या अर्जांकडे वेगळे लक्ष हवे. त्यावर बहुधा अब्बूंचा किंवा भाईजानचा नंबर असतो. अनोळखी आवाज आला की ‘कोण बोलतंय?’ होते आणि फोन कट होतो. म्हणून आधी संस्थेचे नाव सांगावे, स्वतःचे सांगावे, मग ‘ताईंनी आमच्याकडे अर्ज केला होता’ म्हणावे. कामाची वेळ, पगार, सोबत महिला कर्मचारी किती, सुट्टी कोणती, हे लेखी कळवावे. घरात बसून चर्चा करायला त्या कागदाचा उपयोग होतो आणि होकाराची वाट मोकळी होते.

चेष्टा नको

शेवटची गोष्ट कठोर वाटेल, पण सांगितली पाहिजे. मोडक्या इंग्रजीतल्या अर्जाचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकणे, त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावणे, हे आपल्या गावांतही होते. त्या अर्जावर नाव, पत्ता आणि नंबर असतो. तालुक्याच्या गावी सगळे सगळ्यांना ओळखतात; संध्याकाळपर्यंत ते त्या मुलाच्या मोहल्ल्यात पोहोचते. असे हसे झालेले मूल पुन्हा अर्ज करायला धजावत नाही. अर्ज हा विश्वासाने आपल्याकडे दिलेला कागद आहे, म्हणजे अमानत आहे. काम संपले की तो पुसून टाकावा.

कुणी सलाम केला तर हातातले काम थांबवूनही आपण जवाब देतो. अर्जाला उत्तर द्यायला यापेक्षा फार जास्त वेळ लागत नाही. वर दिलेले दोन नमुने मोबाइलमध्ये जतन करून ठेवावेत, रविवारी अर्धा तास काढावा आणि आठवड्याचे अर्ज निकाली काढावेत. आपल्याच घरातला मुलगाही आज कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या उत्तराची वाट बघत असेल.