बाळाची तीनचाकी गाडी : घेण्याआधी आपला रस्ता पाहा

आमच्या नातीचे नामकरण ठरले तेव्हा तिच्या मामाचा मुंबईहून निरोप आला, "वाळे, झबली, दुपटी सगळेच आणतील. मी भाचीला गाडी आणतो. तीन चाकांची!" आम्हाला आनंदच झाला. सून बाळंतपणातून नुकती सावरत होती, तिची कंबर अजून दुखत होती. बाळाच्या आजीचे गुडघे तर पाऊस आला की बोलायलाच लागतात. निडीहून कुठेही निघायचे म्हणजे थोडीफार पायपीट आलीच. गाडी झाली तर दोघींचे हात मोकळे होतील, असा आमचा सरळ हिशेब होता.

मामा दिवा-रोहा गाडीने भला मोठा खोका घेऊन निडीला उतरला. विधी झाला, जेवणे झाली आणि मग गाडी जोडली गेली. लाल कापड, वर चांदण्यांचे छप्पर, पुढे एक आणि मागे दोन चाके. आल्यागेल्याने एकेक फेरी मारून पाहिली. घरातल्या फरशीवर ती लोण्यासारखी फिरली. सगळे म्हणाले, झकास!

पुढे साडेतीन महिन्यांच्या लसीला सून आणि आजी बाळाला त्याच गाडीतून घेऊन निघाल्या. वाटेत खडी आली. पुढचे छोटे चाक आडवे फिरले आणि रुतले. पुढची बाजू उचलावी म्हणून आजीने दांडा खाली दाबला. दांड्याला दुपट्यांची आणि पाण्याच्या बाटलीची पिशवी लटकवलेली होती. गाडी मागच्या मागे उलटली. पट्टा लावलेला होता म्हणून बाळ जागेवर राहिले, डोके जमिनीला लागले नाही. नर्सबाईंनी बाळाला नीट तपासले, तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला.

बाळ रडले, दूध प्याले आणि झोपले. आजी मात्र त्या रात्री जेवली नाही. "माझ्या हातून पोर गेलं असतं," एवढेच म्हणत राहिली. पुढे महिनाभर तिने त्या गाडीला हात लावला नाही. सून गप्प. आणि एवढ्या हौसेने गाडी आणणाऱ्या मामाला हे सांगायचे कसे, हा आणखी एक पेच.

दोष कोणाचा? आजीचा तर नव्हताच. गाडीही मोडकी नव्हती. चूक आमच्या निवडीत होती. आम्ही कापडाचा रंग पाहिला, रस्ता पाहिला नाही. म्हणून त्यानंतर आम्ही चार ठिकाणी हिंडून, विचारून, हाताळून जे शिकलो ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवतो.

तीन चाके कशासाठी?

तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही. जमीन कितीही उंचसखल असो, तिन्ही दगड टेकतात. चार पायांच्या खुर्चीचा एक पाय मात्र खड्ड्यात अधांतरी राहतो. तीनचाकी बाळगाडीचा मोठा गुण हाच. शिवाय पुढे एकच चाक असल्याने ती अरुंद वाटेत पटकन वळते.

पण तीन चाकांचा अवगुणही आपल्या ओळखीचा आहे. रिक्षा वेगात वळवली की ती कलंडते, हे आपण सगळे जाणतो. पुढे दोन कोपरे नसल्याने बाजूचा तोल कमी. बाळगाडीचेही तसेच. वळणावर हळू, आणि मागच्या दोन चाकांमधले अंतर जेवढे जास्त तेवढे चांगले.

ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये १८५० नंतर मागून ढकलायच्या बाबागाड्या निघाल्या, तेव्हाच्या अनेक गाड्या तीनचाकीच होत्या. १९६५ साली ओवेन मॅकलॅरेन या विमान-अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी तयार केली. ती शहरातल्या गुळगुळीत पदपथांसाठी उत्तम होती. १९८४ च्या सुमारास अमेरिकेत फिल बेक्लर या गृहस्थाने बाळाला घेऊन धावता यावे म्हणून सायकलसारख्या मोठ्या चाकांची तीनचाकी बनवली. खडबडीत वाटेवर चालणाऱ्या आजच्या तीनचाकी गाड्या तिच्याच वंशातल्या. म्हणजे तिचा खरा गुण मोठ्या चाकात आहे. दुकानदार मात्र लहान प्लॅस्टिकची तीन चाके लावलेली गाडीही 'तीनचाकी' म्हणूनच विकतो. आमची फसगत तिथेच झाली.

नाव एक, वस्तू तीन

दुकानात 'तीनचाकी' म्हटले की तीन वेगळ्या वस्तू पुढे येतात. त्यांची गल्लत करू नये.

पहिली आपली जुनी ओळखीची, लाकडी पांगुळगाडा. सुतार करून देतात, सावंतवाडीच्या लाकडी कामातही तो मिळतो. बाळ धरून उभे राहू लागले की आडव्या दांडीला धरून ते स्वतः तो ढकलते. हा बाळाला बसवायचा नाही. ओट्याच्या काठापासून आणि पायऱ्यांपासून दूर, मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्यावा. पण त्याच्याऐवजी बाळाला मधोमध बसवून पाय खाली सोडायचा चाकांचा गोल वॉकर आणू नये. त्यात बाळ क्षणात उंबऱ्यापर्यंत, चुलीपर्यंत पोचते. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली.

दुसरी, मागे दांडा असलेली तीनचाकी सायकल. ती बसते त्या मुलाची, साधारण वर्ष-सव्वा वर्षाच्या पुढची. मान नुकती धरू लागलेल्या तान्ह्या बाळाला तिच्यात बसवू नये.

तिसरी खरी बाबागाडी. आपला विषय तिचा.

दुकानात काय पाहावे?

आधी पाठ. जे बाळ स्वतः नीट बसत नाही, त्याला उभट खुर्चीत बसवले की मान पुढे पडते आणि श्वासाला अडथळा होऊ शकतो. पहिले सहा महिने वापरायची असेल तर पाठ पूर्ण सपाट होणारी गाडी हवी. आमचे बाळ साडेतीन महिन्यांचे आणि गाडी बसती, ही आमची दुसरी चूक.

मग पट्टा. दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक दोन्ही पायांमधून, असा पाच टोकांचा पट्टा असावा. नुसता कमरेचा पट्टा असला तर बाळ खाली घसरते. बाळ झोपलेले असो, दोन पावले जायचे असो, पट्टा लावायचाच.

चाके. खडी, माती, पावसाने उखडलेला रस्ता असेल तर चाक निदान बारा इंचांचे असावे. हवेचे चाक धक्के खाते, पण पंक्चर होते. त्याचा वॉल्व्ह मोटरसायकलसारखा असेल तर पंक्चरवाला सहज हवा भरून देतो. मात्र मशीनची हवा बेताने भरावी, टायरवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नाही. भरीव रबराचे किंवा फोमचे चाक पंक्चर होत नाही, ते थोडे दणके देते.

पुढचे चाक. ते फिरतेही हवे आणि सरळ रोखून ठेवता येणारेही हवे. फरशीवर फिरते ठेवा, खडीवर रोखा. आमच्या गाडीला रोखायची सोय नव्हती, म्हणून ते आडवे गेले. आणखी एक गोष्ट. काही गाड्यांचे पुढचे चाक झटकन काढता येते. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने २०१८ साली एका कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली, ती याच कारणाने. चाक नीट आवळले नाही तर ते चालत्या गाडीतून निघून येत होते. चारातले एक चाक निघाले तर गाडी कदाचित सावरेल, तीनातले एक निघाले तर ती पडणारच. म्हणून निघण्यापूर्वी पुढचे चाक हाताने ओढून पाहावे.

ब्रेक. एका पायाने दाबून मागची दोन्ही चाके अडली पाहिजेत. दुकानात ब्रेक लावा आणि जोर लावून ढकलून पाहा. गाडी सरकली तर ती नको.

मिटण्याची कडी. गाडी उघडल्यावर कडी 'टक्' करून बसली पाहिजे. गाडी उघडताना-मिटताना लहान मुलांची बोटे जवळ नकोत. परदेशी बनावटीच्या गाडीवर 'ईएन १८८८' हे युरोपीय प्रमाण छापलेले असते. ते दिसले तर चांगलेच, पण वरच्या चाचण्या तरीही स्वतः कराव्यात.

शेवटी वजन. मोठ्या चाकांची तीनचाकी साधारण दहा ते तेरा किलो भरते. वर्षाचे बाळ नऊ-दहा किलोचे. गाडी दोन जिने चढवायची असेल तर कोण चढवणार, हे आधी ठरवा. घराच्या दाराची रुंदी सुतळीने मोजून ती सुतळी खिशात घालूनच दुकानात जा. तीनचाकी मागे रुंद असते, चाळीच्या दारात ती अडली तर रोज बाहेर भिजेल. आणि दुकानात गाडी रिकामी फिरवू नका. पाच किलो तांदळाची पिशवी तिच्यात ठेवा, पट्टा लावा आणि मग ढकला. जी बाई रोज ढकलणार, तिनेच ढकलून पाहावे. दांडा तिच्या कमरेच्या उंचीला यावा.

आगगाडी, ऊन आणि गर्दी

आपल्याकडे पेण, नागोठणे, रोहा अशी ये-जा आगगाडीने होते. फलाटावर बाळगाडी रुळांच्या दिशेने तोंड करून कधीही उभी करू नये. ती रुळांना समांतर ठेवावी, ब्रेक लावावा आणि तरीही एक हात दांड्यावर असावा. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर ऑक्टोबर २००९ मध्ये आईचा हात क्षणभर सुटला आणि बाबागाडी घरंगळत येणाऱ्या लोकलपुढे रुळांवर पडली. सहा महिन्यांचे बाळ पट्ट्याने बांधलेले होते, ते किरकोळ मारावर वाचले. दर वेळी असे नशीब नसते. डब्यात चढताना बाळ आधी कडेवर घ्यावे आणि गाडी मिटून दुसऱ्याने चढवावी. बाळासकट गाडी उचलू नये.

उन्हात छपरावरून ओढणी किंवा दुपटे टाकून गाडी बंद करण्याची आपल्याला सवय असते. आत हवा कोंडते आणि बाळ भाजून निघते. छप्पर पुढे ओढा, सावलीत चाला, पण समोरची बाजू उघडी ठेवा. डासांसाठी विरळ जाळी चालते.

२० मार्चला महाडला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना मात्र गाडी घरीच ठेवावी. त्या गर्दीत गाडीतले बाळ लोकांच्या गुडघ्याच्या उंचीवर असते, कोणाला दिसत नाही. तिथे बाळ छातीशी बांधलेले किंवा कडेवरच बरे.

खिशाचा हिशेब

साध्या गाड्या दोन-तीन हजारांत मिळतात, मोठ्या हवेच्या चाकांच्या त्याच्या कितीतरी पट जातात. कंत्राटी पगारावर घर चालवणाऱ्याने हप्त्यावर गाडी घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. गाडीविना बाळ वाढते. आपण सगळे कडेवर आणि झोळीत वाढलो, त्यात काहीच कमीपणा नाही. पण एक विचार जरूर करावा. नामकरणाला दहा नातेवाईक दहा झबली आणतात, ती दोन महिन्यांत आखूड होतात. त्याऐवजी सर्वांनी मिळून एक चांगली गाडी घेतली तर ती दोन-तीन वर्षे चालते आणि मग भावंडांच्या कामी येते. वापरलेली गाडीही चालेल. फक्त ब्रेक, पट्ट्याची शिवण, सांगाड्याच्या भेगा आणि कडी नीट तपासावी. दांड्याला पिशवी अडकवू नये. सामान खालच्या जाळीत ठेवावे.

आम्ही शेवटी मामाला सगळे खरेखरे सांगितले. तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, "आत्याबाईंना सांगा, चूक माझी. मी मुंबईच्या फरशीचा विचार केला." ती लाल गाडी त्याच्या ओळखीच्या एका घरी गेली. तिथले बाळ बसते झाले आहे, आवारात सगळी फरशी आहे आणि गाडी उत्तम चालते. मामाने आणि आम्ही निम्मे-निम्मे घालून मोठ्या चाकांची एक वापरलेली तीनचाकी घेतली. कापड विटलेले आहे, पण ब्रेक घट्ट आहे.

आजीला मात्र आम्ही आग्रह केला नाही. गाडीत तांदळाची पिशवी बांधून ठेवली आणि बाहेर उभी केली. दोन दिवस तिने नुसती पाहिली. तिसऱ्या दिवशी ती पिशवी तिने खडीवरून फिरवून आणली, पुन्हा एकदा फिरवली, ब्रेक चार वेळा लावून पाहिला. मग घरात येऊन सुनेला म्हणाली, "पोरीला दे. पट्टा मी लावते."