बेलवलीकरांनो, एक रविवार खांदेरीसाठी!

जंजिरा बहुतेकांनी पाहिलाय, पण अलिबागजवळच्या थळसमोरच्या बेटावरचा खांदेरी किल्ला? बदलापूरहून कर्जत–खोपोली–पेणमार्गे अलिबाग गाठा, तिथून थळ. पुढे कोळी बांधवांच्या बोटीने थेट बेटावर.

🚩 इंग्रजांच्या मुंबईच्या तोंडावर पहारा हवा म्हणून शिवरायांनी 1679 मध्ये इथे बांधकाम सुरू केलं. त्यांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी बेटावर ठाण मांडून बसले, दौलतखानाचं आरमार मदतीला आलं. बांधकाम रोखायला आलेल्या इंग्रजांची मोठी जहाजं खोल पाण्यातच थांबायची; मराठ्यांच्या छोट्या होड्या उथळ पाण्यातून अंधारात रसद पोहोचवायच्या. किल्ला उभा राहिलाच! शेजारचं उंदेरी बेट मग जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावलं आणि तिथे तटबंदी घातली.

👀 काय पाहाल: तटबंदी, चाकांच्या गाड्यावरच्या तोफा, 1867 चं दीपगृह, कोळ्यांचं श्रद्धास्थान वेतोबा आणि दगडाने ठोकल्यावर भांड्यासारखा वाजणारा खडक.

🌏 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांत खांदेरीही आहे.

⚠️ पावसाळ्यात जाऊ नका. भरती-ओहोटीची वेळ, बोटीचं भाडं आणि परवानगी आधीच विचारून घ्या. लाइफ जॅकेट, पाणी, टोपी हवीच. कचरा परत आणा.

कोण कोण येतंय? कमेंटमध्ये सांगा!