केंद्रकाच्या दारावरील वाहक : वनस्पतींतील इम्पोर्टिन अल्फा-३ जनुक

प्रास्ताविक

पेशीविज्ञान शिकवताना आपण केंद्रकाला 'पेशीचे नियंत्रण केंद्र' म्हणतो, त्याच्या आवरणावर रंध्रे असतात असे सांगतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. परंतु या नियंत्रण केंद्रात प्रथिने तयार होत नाहीत. ती बाहेर, पेशीद्रव्यातील रायबोसोमांवर तयार होतात. मग जनुके चालू-बंद करणारी प्रथिने आत पोहोचतात कशी? आणि ती पोहोचली नाहीत तर काय घडते? प्रस्तुत लेखात वनस्पतीतील एका जनुकाच्या आधारे या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

पत्ता आणि वाहक

लहान रेणू केंद्रकरंध्रांतून आपोआप ये-जा करतात. सुमारे ४० किलोडाल्टनपेक्षा मोठ्या प्रथिनांना मात्र वाहकाची गरज असते. अशा प्रथिनाच्या साखळीतच एक लहानसा संकेत असतो. पाकिटावरील पत्त्यासारखे त्याचे काम असते. १९८४ साली एसव्ही-४० या विषाणूच्या एका प्रथिनात असा संकेत निश्चित करण्यात आला. त्यात अवघी सात अमिनो आम्ले असून त्यांपैकी पाच धनभारित, म्हणजे लायसिन व अर्जिनिन आहेत. त्यातील एक ठराविक लायसिन बदलले तरी ते प्रथिन केंद्रकाबाहेरच साचून राहते.

हा पत्ता वाचणारे प्रथिन म्हणजे इम्पोर्टिन अल्फा. ते एका बाजूने मालाला व दुसऱ्या बाजूने इम्पोर्टिन बीटाला धरते आणि तिघे मिळून रंध्रातून आत जातात. आत रॅन नावाचे प्रथिन जीटीपीसह बीटाला जोडले जाते, त्यामुळे ही जुळणी सुटते व माल मोकळा होतो. वाहक पुन्हा बाहेर पाठवले जातात. जनुक स्वतः काही वाहून नेत नाही. ते वाहक प्रथिनाची कृती पुरवते, हा फरक वर्गात स्पष्ट करणे आवश्यक आहे.

खुज्या रोपातून लागलेला शोध

अ‍ॅराबिडॉप्सिस थालियाना ही मोहरी, कोबी व मुळा यांच्या कुळातील लहान वनस्पती. तिच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २००० साली प्रसिद्ध झाले. तिच्यात इम्पोर्टिन अल्फाची नऊ जनुके आहेत.

या वनस्पतीत एसएनसी१ नावाचे रोगप्रतिकारक प्रथिन असते. त्याच्या ५५२ व्या स्थानावरील ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन आले, की ते रोगजंतू नसतानाही सतत जागे राहते. २००३ साली हे उत्परिवर्तन स्पष्ट झाले. अशा रोपाची वाढ खुंटते, पाने आखूड व वळलेली राहतात. रोप शत्रू नसतानाच लढाईचा खर्च करत असते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी या खुज्या रोपांमध्ये आणखी उत्परिवर्तने घडवली आणि ज्यांची वाढ सुधारली अशी रोपे निवडली. वाढ सुधारली, याचा अर्थ प्रतिकाराच्या साखळीतील एखादा दुवा तुटला असला पाहिजे. असा एक दुवा एमओएस६ या नावाने २००५ साली प्रसिद्ध झाला. तो चौथ्या गुणसूत्रावरील इम्पोर्टिन अल्फा-३ चे जनुक निघाला.

येथे विद्यार्थी सहज म्हणेल, "मग हे जनुक काढून टाकलेलेच बरे!" परंतु ज्या रोपात केवळ हे जनुक बिघडले आहे, ते केवडा रोगाच्या जंतूला अधिक बळी पडते. हा जंतू द्राक्षावर येणाऱ्या केवड्याच्या जंतूच्याच गटातला आहे. म्हणजे वाहक नसला की संरक्षणाची सूचना केंद्रकापर्यंत पुरेशी पोहोचत नाही. तोच बिघाड एका रोपाला दिलासा देतो व दुसऱ्याला दुबळे करतो.

नऊ भावंडे, पण कामे वेगळी

नऊ वाहक असताना एक गेल्याने अडावे का? २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नऊही वाहकांची तुलना करण्यात आली. एसएनसी१ चा मुख्य वाहक अल्फा-३ हाच असल्याचे त्यातून दिसून आले.

दुसरे उदाहरण अ‍ॅग्रोबॅक्टेरियमचे. हा जीवाणू आपला डीएनए वनस्पतीच्या केंद्रकात पोहोचवतो. जनुकीय अभियांत्रिकीत त्याचा उपयोग आपण शिकवतोच. २००८ सालच्या अभ्यासात नवांपैकी सात वाहक तपासले गेले. सातही वाहक जीवाणूच्या प्रथिनांशी जोडले गेले. परंतु केवळ अल्फा-४ बिघडल्यावरच डीएनएचे संक्रमण घटले. विशेष म्हणजे अशा रोपात इतर काही वाहक नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात तयार करवले असता ती उणीव भरून निघाली. यावरून असे म्हणता येते, की वाहकाची क्षमता आणि प्रत्यक्ष पेशीत त्याची उपलब्धता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षानळीत दोन प्रथिने जोडली गेली, एवढ्यावरून सजीवातील त्यांचे कार्य सिद्ध होत नाही.

समारोप

वर्गात हा विषय मांडताना तीन गोष्टींवर भर देता येईल. एक, केंद्रक हे आदेश देणारे तसेच बाहेरून येणाऱ्या सूचनांवर अवलंबून असणारे अंगक आहे. दोन, जनुकाचे कार्य बहुधा ते बिघडल्यावर उमगते. म्हणून उत्परिवर्ती रोप हे केवळ व्यंग नसून पुरावा आहे. तीन, जनुकाला 'चांगले' किंवा 'वाईट' म्हणणे शास्त्रीय नाही. वाढ आणि संरक्षण यांचा तोल कसा राखला जातो, हा खरा प्रश्न आहे. खुज्या रोपाचे उदाहरण फळ्यावर मांडून, उत्तर सांगण्यापूर्वी, "वाढ का सुधारली असेल?" एवढेच विचारावे. पाठ केलेल्या व्याख्येपलीकडचा विचार विद्यार्थी तेथूनच सुरू करतील.