नांदेडची एक दिवसाची फेरी

मंठ्यास राहणाऱ्या माणसास नांदेड म्हणजे कांहीं परदेश नव्हे. परतूरला जाऊन आगगाडींत बसावें, सेलू, परभणी, पूर्णा हीं स्थानकें मागें टाकावीं, कीं नांदेड आलेंच. तरीही सांगावयास संकोच वाटतो, कीं गुरु गोविंदसिंग हे १७०८ सालीं नांदेड येथें निवर्तले, हें वाक्य मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें; तें स्थान मात्र निवृत्त झाल्यावर प्रथम पाहिलें. एकदां वर्गांत एका मुलानें विचारलें होतें, "गुरुजी, पंजाबचे गुरु आपल्या गोदावरीवर कशाला आले?" वेळ थोडा होता आणि, खरें सांगावयाचें तर, उत्तर मजजवळ नव्हतें. मीं त्यास खालीं बसविलें.

त्याचें उत्तर असें. १७०७ सालीं औरंगजेब मरण पावला व त्याच्या पुत्रांत गादीसाठीं कलह माजला. त्यांतला बहादूरशहा आपला भाऊ कामबक्ष याजवर दक्षिणेंत चालून आला, आणि त्याच्या छावणीबरोबर गुरूही नांदेडपर्यंत आले. सरहिंदच्या सुभेदारानें त्यांचे दोन कोंवळे पुत्र मारविले होते. त्याचा न्याय बादशहाकडून मिळेल, ही आशा त्यामागें होती असें सांगतात. न्याय मिळाला नाहीं. येथेंच एका पठाणानें त्यांजवर वार केला, आणि ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं, अवघ्या ४१ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. तत्पूर्वीं त्यांनीं दोन गोष्टी केल्या. गोदाकांठीं मठ करून राहिलेल्या माधोदास बैराग्यास शिष्य करून पंजाबांत धाडिलें. तोच इतिहासांतील बंदा बहादूर. आणि आपल्यामागें कोणी देहधारी गुरु न नेमतां ग्रंथासच गुरुपद दिलें.

अमेरिकेंत सॉल्ट लेक सिटी नांवाचें शहर आहे. मॉर्मन पंथाचे लोक छळास कंटाळून १८४७ सालीं ब्रिगम यंग यांच्यामागून त्या उजाड मुलुखांत पोंचले व त्यांनीं नवें शहर आंखून वसविलें. त्यांचें मंदिर उभें राहण्यास चाळीस वर्षें लागलीं. तेथें पंथ आधीं, शहर मागाहून. नांदेडचें उलट. हें गोदावरीच्या कांठचें पुरातन गांव; पंथ येथें पाहुणा म्हणून आला आणि घरचा झाला.

सचखंड हुजूर साहिब हें मुख्य स्थान शिखांच्या पांच तख्तांपैकीं एक. आजची वास्तु महाराजा रणजितसिंहांनीं १८३२ ते १८३७ या काळांत बांधविली. गाभाऱ्यास अंगीठा साहिब म्हणतात. गुरूंच्या चितास्थानावर तो उभा असून त्यांत त्यांचीं शस्त्रें जपलेलीं आहेत. रोज पहांटेपूर्वीं गोदावरीचें पाणी घागरींतून येथें आणितात. सायंकाळीं दिवे ओंवाळून आरती होते. ती पाहून मला आपल्याकडील देवळांची आठवण झाली. पिढ्यान्‌पिढ्या येथें राहिलेले शीख स्वतःस दख्खनी म्हणवितात. दुकानावर बसलेला एक सरदार गिऱ्हाइकाशीं आमच्या मराठवाडी बोलींत घासाघीस करीत होता, तें ऐकून मौज वाटली.

२००८ सालीं गुरु-ता-गद्दीचा त्रिशतकी सोहळा झाला. त्या निमित्तानें रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, विमानतळ सुधारला. सोय झाली खरी. जुन्या गल्ल्यांचें गांव मात्र मला पाहावयास मिळालें नाहीं, याची चुटपुट लागली. लंगरांत पंगतीस बसलों. गुडघे दुखत होते, पण जमिनीवरच बसलों. एका बाजूस लुधियान्याचा शेतकरी, दुसऱ्या बाजूस वसमतची एक म्हातारी.

दुपारीं कीर्तन चाललें होतें. भाषा पुरती कळत नव्हती. तोंच एका पदाच्या शेवटीं नामदेवांचें नांव कानीं पडलें, आणि मी सावरून बसलों. नामदेवांचीं ६१ पदें गुरुग्रंथसाहिबांत आहेत, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें; ज्यांचें जन्मस्थान म्हणून नरसी सांगितली जाते, ती आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यांतच आहे. पंजाबांतील घुमान येथें त्यांचें स्थान असून २०१५ सालीं मराठी साहित्य संमेलनही तेथें भरलें होतें. म्हणजे गुरु इकडे येण्यापूर्वीं कित्येक शतकें आपला शिंपी तिकडे जाऊन पोंचला होता.

त्या मुलास हें सांगावयाचें राहिलें. तो आतां कोठें असतो, मला ठाऊक नाहीं. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून आरती अर्धीच सोडून मी स्थानकाकडे निघालों. पहांटेची घागरही पाहावयाची राहिली. पुढल्या खेपेस मुक्कामासच जाईन म्हणतों.